गट जेव्हा पगार देतो

आजचं बोलणं मालकांसाठी आहे. आता तुम्ही म्हणाल, आमच्यात मालक कोण? आम्ही तर बचतगटाच्या बाया. पण जरा आजूबाजूला बघा. पापड-लोणच्याचे, मसाल्याचे, शेवयांचे, कापडी पिशव्यांचे किती गट उभे राहिले. सुरुवातीला सभासदच लाटायच्या, वाळवायच्या, पिशव्या भरायच्या. मग ऑर्डर वाढली, लग्नसराई आली, आणि गटाने बाहेरच्या चार बायका रोजावर घेतल्या. एक माणूस चक्कीवर ठेवला, एक पोरगा टेम्पोवर. ज्या दिवशी गटाने दुसऱ्याच्या हातावर कामाचे पैसे ठेवले, त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत गट मालक झाला. बोर्ड लावला की नाही, नोंदणी झाली की नाही, हे नंतरचं.

आपल्यापैकी बहुतेक जणी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेलेल्या. कमी रोज कसा देतात, पैसे कसे लटकवतात, बाईला काय काय ऐकावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आम्हाला वाटतं, आपण मालक झालो की काय करायचं, हे आपणच नीट समजून घेतलं पाहिजे.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: "ती कामगार कुठंय, ती तर आमच्या गटातलीच!" असं असेल तर चांगलंच आहे. पण मग तिला नफ्यात वाटा मिळतो का? बैठकीत तिचं मत धरतात का? वही तिला बघायला मिळते का? या तिन्हींना उत्तर "हो" असेल तर ती सभासद. पण ती फक्त सांगितलेलं काम करते, ठरलेला रोज घेते आणि घरी जाते, तर तिचं नाव सभासदांच्या यादीत असलं तरी व्यवहाराने ती कामगार आहे. न्यायालयातही कागदावर काय नाव दिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काय चालतं, हेच बघितलं जातं. हा फरक गटाने बैठकीतच बोलून घ्यावा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता पगाराकडे येऊ. देशातले कामगारांचे जुने बरेच कायदे एकत्र करून चार संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता २०१९ सालची आहे. किमान वेतनाचा मूळ कायदा १९४८ चा. त्यातली गोष्ट तीच राहिली: सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही, आणि बाई स्वतः "कमी चालेल" म्हणाली तरी देता येत नाही. आपल्या गावातल्या गटांमध्ये हेच जास्त चालतं. "तिला गरज होती, तीच म्हणाली दीडशेत येते." तिच्या गरजेला कायदा संमती मानत नाही.

महाराष्ट्रात हे दर कामाच्या प्रकारानुसार आणि भागानुसार वेगळे आहेत. शहराचं परिमंडळ वेगळं, खेड्याचं वेगळं. कुशल, अर्धकुशल, अकुशल असेही भाग आहेत. शिवाय मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेला आकडा धरून बसू नका. जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात आपल्या धंद्याचं नाव सांगून आत्ताचा दर लिहून आणा. दर सहा महिन्यांनी एकीने तेवढं काम अंगावर घ्यावं.

नगावर काम दिलं तरी हाच नियम. शंभर पापडाला अमुक, किलोला तमुक, असं ठरवलं तरी साधारण वेगाने दिवसभर काम करणाऱ्या बाईच्या हातात दिवसाचं किमान वेतन पडलंच पाहिजे. दर ठरवताना गटातली सगळ्यात चपळ बाई बसवून मोजू नका. ती तासाला जेवढं लाटते तेवढं सगळ्यांना जमत नाही. मध्यम हाताची बाई बसवा, घड्याळ लावा, आणि मग दर काढा.

लाईटचंही बोललं पाहिजे. बाई सकाळी नऊला आली, अकराला लाईट गेली, चक्की बंद. गट म्हणतो, अर्धाच रोज. पण दिवसाच्या मजुरीवर ठेवलेली बाई काम करायला तयार होती आणि मालकाकडे काम नव्हतं, तर तिला पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, असं कायदा सांगतो. ती स्वतःहून उठून गेली तर गोष्ट वेगळी. आता गटाचं नुकसान होतं हे खरं. पण त्यावर उपाय आहे. त्या वेळात पॅकिंग, निवडणं, लेबल चिकटवणं अशी हातकामं राखून ठेवता येतात. मालकपणात हे नियोजनही येतं.

पैसे कधी द्यायचे? रोजावरच्या बाईला त्याच दिवशी काम संपताना, आठवड्यावरच्या बाईला सुट्टीच्या आधीच्या दिवशी, महिन्यावरच्या बाईला पुढच्या महिन्याची ७ तारीख उलटायच्या आत. काम सोडलं किंवा सोडायला लावलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा. "व्यापाऱ्याचे पैसे आले की देऊ" हे कायद्यात बसत नाही. आपण गटात हप्ता एक दिवस चुकला तर दंड लावतो ना? मग जिच्या घामावर माल गेला, तिला महिना महिना थांबवायचं हे आम्हाला पटत नाही. त्यासाठी गटाने दीड-दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम खात्यात वेगळी ठेवावी, कच्चा माल घ्यायच्या आधी.

कापून घेण्याचंही असंच. मसाला करपला, बरणी फुटली, की पगारातून कट. नुकसान खरोखर त्या बाईच्या निष्काळजीपणामुळे झालं आणि ती वस्तू तिच्या ताब्यात दिलेली होती, तरच कपात करता येते. तीही तिचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. एकूण कपात पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. उशिरा आली म्हणून दंड लावायचा झाला तर त्याला पगाराच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे दंडातून कमाई करायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलतोच. बायकांच्या गटात चक्कीवरच्या गड्याला जास्त रोज आणि भाजणीवरच्या बाईला कमी. विचारलं तर म्हणतात, "गडी माणूस आहे, त्याला घर चालवायचंय." अगं, ती काय हौसेला येते का? एकाच किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामाला बाई-पुरुष म्हणून वेगळा पगार देणं १९७६ सालापासून बेकायदा आहे, आणि वेतन संहितेतही तसंच आहे. काम खरंच वेगळं असेल, वेगळं कौशल्य लागत असेल, तर दर वेगळा ठेवा, पण तो कामाचा असू द्या. भाजणी जमणं हे काही कमी कौशल्य नाही. एकदा करपलेल्या घाण्याची किंमत काढून बघा.

कागद किती ठेवायचे? घाबरू नका, बचतगटाच्या बाईला वही लिहायला शिकवायची गरज नाही. दशसूत्रीत लेखे आहेतच. हजेरीची वही, पगाराची वही आणि प्रत्येकीला नेमणुकीचं पत्र, एवढं तरी हवंच. नव्या संहितांप्रमाणे नेमणूक पत्र प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. साध्या मराठीत लिहा: नाव, काम काय, रोज किंवा महिना किती, वेळ कधीपासून कधीपर्यंत, सुट्टी कोणती, पगार कुठल्या तारखेला. खाली दोन्हीकडच्या सह्या आणि एक प्रत तिच्या घरी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पगाराच्या वहीवर कोऱ्या जागी सही किंवा अंगठा घेऊ नका, कुणालाही. हे आपल्या बाबतीत किती वेळा झालंय ते आठवा.

गट मोठा झाला की आणखी जबाबदाऱ्या येतात. कामगार दहा झाले की ईएसआय, म्हणजे राज्य विमा योजना. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा. वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी. याच्या तपशिलात आज जात नाही, तो वेगळ्या कार्यक्रमाचा विषय आहे. लहान मुलांचं मात्र एका वाक्यात सांगतो: १४ वर्षांखालच्या मुलीला कामावर ठेवायचं नाही, आईबरोबर आली म्हणून पिशव्या भरायलाही बसवायचं नाही.

बाळंतपणाचं जरा सविस्तर सांगायला हवं. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत बाईने ८० दिवस काम केलेलं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे तिला कामावर घ्यायचंच नाही, ती आली तरी. रोजंदारीवर आहे म्हणून हा हक्क जात नाही. या रजेत तिला काढून टाकणं बेकायदा आहे.

हे ऐकून गटाच्या अध्यक्षांच्या पोटात गोळा येतो, आम्हाला माहीत आहे. "सहा महिने घरी बसवून पगार? गट बुडेल." म्हणून मग नव्याने लग्न झालेल्या पोरीला कामावरच घेत नाहीत. बायकांच्या गटाने बाईला ती बाई आहे म्हणून नाकारायचं! याची वाट ईएसआयमध्ये आहे. गट त्या योजनेत असेल आणि तिच्या हप्त्यांचे दिवस पुरेसे भरलेले असतील, तर बाळंतपणातला पगार विमा योजना देते, गटाला द्यावा लागत नाही. दर महिन्याचा सव्वातीन टक्के म्हणजे त्याचीच तरतूद. गट दहाच्या जवळ पोचला की हा हिशोब बैठकीत मांडाच.

आता ज्यावर सगळ्यात जास्त कुजबुज होते आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ.

या कायद्याची सुरुवात कुठे झाली माहीत आहे का? ऑफिसात नाही, खेड्यात. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचं गाव. तिथल्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात "साथीण" होत्या, आपल्या गावातल्या प्रेरिका असतात तशा. १९९२ साली त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. तो राग मनात धरून गावातल्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. काम सरकारचं होतं, पण काम करताना बाईवर असं संकट आलं तर मालकाची जबाबदारी काय, याचं उत्तर तेव्हा कुठल्याच कायद्यात नव्हतं. तो प्रश्न घेऊन काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. त्यातली तत्त्वं पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीही याचिका झाली, २०१२ मध्ये निकाल लागला. पुढे २०१३ चा कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे. एका गावातल्या साथिणीने सोसलं, त्यातून देशभरच्या बायकांना हा कायदा मिळाला. म्हणून "हा शहरातल्या ऑफिसवाल्यांचा कायदा" असं कुणी म्हणालं तर त्याला भटेरीची गोष्ट सांगा.

छळ म्हणजे काय? अंगाला हात लावणं, शरीरसंबंधाची मागणी करणं, अश्लील बोलणं, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याखेरीज नकोसं वाटेल असं कोणतंही लैंगिक वागणं, मग ते बोलून असो, नजरेने असो वा खुणेने. "नकोसं" हा शब्द महत्त्वाचा. करणारा म्हणतो "मी तर गंमत केली". त्याच्या मनात काय होतं यापेक्षा तिला ते नको होतं का, हे आधी बघायचं.

आणि कामाची जागा म्हणजे फक्त गटाची शेड नव्हे. माल घेऊन तालुक्याला गेली, प्रदर्शनात स्टॉल लावला, गटाने ठरवलेल्या टेम्पोतून परतली, तेही कामाचंच ठिकाण. टेम्पोवाला, मिरची देणारा व्यापारी, तपासणीला आलेला माणूस, सभासदाचा नवरा, यांच्यापैकी कुणी त्रास दिला तरी गटाला "तो आमचा माणूस नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित जागा देणं हे मालकाचं काम आहे.

दहा किंवा जास्त जण कामाला असतील तर गटाला अंतर्गत समिती करावीच लागते. रोजंदार, तात्पुरती, शिकाऊ, ठेकेदाराकडून आलेली, बिनपगारी मदत करणारी, सगळ्यांना हा कायदा कर्मचारी मानतो. समितीत किमान चार जण: अध्यक्ष म्हणून तिथली वरिष्ठ बाई, कामगारांतले किमान दोन, आणि एक बाहेरची व्यक्ती, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बाहेरची व्यक्ती का? कारण गटात सगळ्या एकमेकींच्या जावा, नणंदा, शेजारणी. कुणाची तरी भीड मध्ये येणारच. म्हणून बाहेरची व्यक्ती निवडताना अध्यक्षांची मावसबहीण निवडू नका. समिती केली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर दुप्पट.

दहापेक्षा कमी असतील तर? तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तालुक्याला यासाठी नोडल अधिकारी नेमलेला असतो. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर समिती असो नसो, ती स्थानिक समितीकडेच जाते. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही हीच वाट आहे. मोबाईलवरून शी-बॉक्स नावाच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायची मदत समितीने करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल दहा दिवसांत, आणि मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा दुसऱ्या जागी काम देता येतं. गावात उलटं होतं, ज्याने त्रास दिला तो कामावर आणि ती घरी. तिने मागितलं तरच तिला हलवायचं.

समेटाचं काळजीपूर्वक ऐका. समेट बाईनेच मागितला तर होतो आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. "पाच हजार घे आणि गप्प बस" असं पंचांनी म्हणणं हा समेट नव्हे. आणि नावं बाहेर फोडायची नाहीत. तक्रार करणारीचं नाव, कुणाविरुद्ध, काय झालं, हे समितीतल्या कुणी पाण्यावर गेल्यावर बोललं तर तिला पाच हजारांचा दंड बसू शकतो. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही सगळ्यांना सांगून ठेवा. पोलिसांत जायचं असेल तर तो तिचा वेगळा हक्क आहे. गटाने त्यात मदत करायची, आडवं यायचं नाही.

यातलं काही पुढच्या बैठकीच्या आत करता येण्यासारखं आहे. शेडच्या भिंतीवर, हजेरीची वही ठेवता तिथे, एक फलक लावा. वर लिहा: "या ठिकाणी लैंगिक छळ केल्यास कायद्याने शिक्षा होईल." खाली समितीच्या सदस्यांची नावं आणि मोबाईल नंबर, समिती नसेल तर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं कार्यालय. त्याखाली महिला हेल्पलाइन १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. वकिलाची मदत मोफत मिळायला बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ती बाई आहे एवढं पुरतं. फलकावर अक्षर मोठं काढा, आणि जी वाचू शकत नाही तिला त्यावर काय लिहिलंय ते एकदा तोंडी सांगा. किमान वेतनाचा आत्ताचा दरही त्याच भिंतीवर लिहून टाका.